सत्तावीस गुणांची माणसं

माझ्या तरुणपणी, म्हणजे मी बासष्ट वर्षांची असताना, मला अक्कल फार होती. आता त्यातली बरीचशी गेली आणि मी जरा माणसात आले. पण त्या वेळच्या त्या बाईचा एक फोटो आमच्या दुकानात गल्ल्यामागे अजून लावलेला आहे. काळा झगा, डोक्यावर चौकोनी टोपी, टोपीखाली पदर, आणि चेहरा असा की जणू अख्ख्या जालना शहराला पदवी मिळाली. गिऱ्हाईक विचारतं, "ह्या कोण?" मी सांगते, "होती एक आमच्याकडे. शिकलेली होती."

आमचं साड्यांचं दुकान. आजेसासरे राजस्थानातून आले, ते इथलेच झाले. घरात आम्ही मारवाडी बोलतो, दुकानात मराठी आणि भांडताना हिंदी. माझे मालक वारल्यावर दुकान मुलानं हातात घेतलं आणि मला एक खुर्ची दिली. खुर्चीवर बसून करायचं काय, तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघत राहायचं. कोण आलं, कोण गेलं, कोणता नोकर तंबाखू मळत उभा आहे. पुण्यात शिकणारी माझी नात एकदा सुट्टीत आली आणि म्हणाली, "आजी, तू दिवसभर हे जे करतेस ना, त्याचीच आता डिग्री निघालीय." आणि थट्टाथट्टीत तिनं माझा फॉर्म भरून टाकला. बिझनेस ॲनालिटिक्समधलं एम.बी.ए., दोन वर्षांचं, घरबसल्या, दर रविवारी लॅपटॉपवर वर्ग. माझं लग्नाआधीचं बी.कॉम. ट्रंकेच्या तळाशी होतं. ते चाळीस वर्षांनी कामाला आलं.

धंद्यात जे घडतं त्याच्या नोंदी करायच्या, त्या संगणकाला शिकवायच्या आणि पुढं काय घडेल ते त्याच्याकडून वदवून घ्यायचं, असा सगळा प्रकार. मला वाटलं होतं दोन महिन्यांत हात वर करीन. केले नाहीत, कारण मला एक मुलगी मिळाली.

प्रकल्प जोडीनं करायचा होता, आणि आमच्या जिल्ह्यातल्या दोघीच, म्हणून आमची जोडी लावली. ती पिंपळगाव रेणुकाईची, तेवीस वर्षांची, शेतकऱ्याच्या घरातली. तिच्याकडं नेटवर्क असं की कॅमेरा लावला की आवाज जायचा. त्यामुळं दीड वर्ष ती माझ्यासाठी नुसता आवाज होती. मी मात्र तिला दर रविवारी दिसायची, इस्त्रीची साडी, चष्मा, मागं देवघर. मी काही चुकवलं की पडद्यावर लाल अक्षरं यायची आणि मी खुर्ची मागं सरकवायची. ती म्हणायची, "आजी, घाबरू नका. एरर आहे तो, शिवी न्हाई." कापसाच्या वेचणीवरून आलेली असायची, दमलेली असायची, तरी माझं घोडं पाण्याबाहेर काढून मगच फोन ठेवायची. मी जी पास झाले ती तिच्या जिवावर. फोटोत ती नाही.

प्रकल्पाचा विषय मीच काढला: बस्ता. लग्न ठरलं की दोन्हीकडची माणसं मिळून कपडे घ्यायला येतात. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराच्या साड्या, सगळं एका बैठकीत. आमच्याकडं पद्धत अशी की शालू आणि रेशमी माल वरच्या मजल्यावर, गादीवर बसून बघायचा. खाली आहेराचा माल, उभ्याउभ्या. आमचे जुने सेल्समन आण्णा मूळचे वाटूरचे, तीस वर्षं दुकानात. ते आलेल्या प्रत्येकाला वर न्यायचे, पाणी द्यायचे आणि चाळीस-पन्नास साड्या उलगडायचे. मग माणसं "बघून येतो" म्हणून निघून जायची आणि आण्णा घडीवर घडी घालत बसायचे. मला ते पटायचं नाही. मी एकदा त्यांना ऐकवलं, "आण्णा, तीस वर्षं झाली, अजून तुम्हाला चेहऱ्यावरून कळत नाही कोण घेणार अन् कोण नाही?"

आण्णा म्हणाले, "न्हाई कळत वहिनी. म्हणून तर समद्यांला दाखवतो."

ह्या उत्तराला मी हसले होते. वर्गात सांगून सगळ्यांना हसवलंही होतं.

तर मी जिन्याच्या वरच्या टोकाला खुर्ची टाकली आणि एका हंगामभर येणाऱ्या प्रत्येक बस्त्याची नोंद केली. बायका किती, पुरुष किती, कोणत्या तालुक्यातून आले, स्वतःच्या गाडीनं आले की एसटीनं, हातात यादी आहे की नाही, आणि शेवटी वर काय घेतलं. जिन्याखाली लोक चपला काढून येतात. मी त्याही मोजल्या. किती जोड, नवे की झिजलेले.

"आजी, चपलांचं कशाला?" तिनं फोनवर विचारलं होतं.

"अगं, माणूस खोटं बोलतं. चप्पल बोलत नाही."

मला हे वाक्य इतकं आवडलं की मी ते प्रकल्पाच्या पहिल्या पानावर टाकणार होते. तिनं टाकू दिलं नाही. पण चपलांचा रकाना माझ्या हट्टानं राहिला. तिनं रात्रंदिवस खपून सगळं बसवलं, आणि आमच्या हातात एक यंत्रच आलं म्हणा. माणसं जिन्यापाशी आली की टॅबवर सहा-सात बोटं मारायची, की शंभरपैकी गुण यायचे. पन्नासच्या वर असले तर वर घ्यायचं, खाली असले तर गोड बोलून खालीच दाखवायचं. मुलगा बेहद्द खूश. "मम्मी, बराबर सांगतंय हे! दहात नऊ वेळा बराबर!" आण्णांच्या घड्या वाचल्या.

त्या दिवशी पाच माणसं आली. दोन मधल्या वयाच्या बायका, एक लुगड्यातली म्हातारी, एक गडी आणि एक मुलगी. खाली कामाला असलेल्या पोरीनं एसटीचा बस्ता, भोकरदन तालुका, असं ओरडून सांगितलं. यादी नाही. मी वरून वाकून चपला मोजल्या. पाच माणसांत चारच जोड, त्यातले दोन टाचेला पार झिजलेले. एक बाई अनवाणीच आली की काय, असं मनात आलं, आणि मी तेही टॅबवर टिपलं. गुण आले सत्तावीस.

तोवर ती माणसं अर्धा जिना चढली होती. आमचा जिना अरुंद, एकामागं एकच माणूस मावतं. सगळ्यात पुढं होती ती बाई, कापडी पिशवी काखेत घट्ट धरलेली, चांगली ठेवणीतली साडी नेसलेली. तिचा एक पाय वरून तिसऱ्या पायरीवर होता. मी माझा खास आवाज काढला. हा आवाज मला फार चांगला येतो.

"ताई, तुमच्यासाठी खालीच छान व्हरायटी आहे. उगाच गुडघ्यांना त्रास कशाला?"

बाईनं वर बघितलंही नाही. "बरं बरं," म्हणाली आणि वळली. पण जिन्यात वळायचं म्हणजे पाचही जणांना एकेक करून वळावं लागलं. शेवटचा होता तो पहिला झाला आणि रांग उलटी उतरू लागली. एखाद्याला बसमधून उतरवावं तसं ते दिसलं. मुलगी तेवढी वळली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली, आईला उतरू दिलं आणि माझ्याकडं बघितलं. हसत होती. हसू अजून पुसायचं राहिलं होतं तिचं, असं मला नंतर कितीदा तरी दिसलं.

"किती आले?" तिनं विचारलं.

"काय किती?"

"आम्हाला. किती आले, आजी?"

आवाज कानात शिरला आणि मला सगळं कळलं. दीड वर्षाचे रविवार. ती माझ्या दुकानात स्वतःचा बस्ता बांधायला आली होती. न सांगता, मला आणि घरच्यांनाही चकित करायला. होणारी सासू बरोबर घेऊन, आपली शहरात ओळख आहे हे दाखवायला. आणि टॅबवर कोणत्या रकान्यात काय भरलं असेल हे जगात माझ्याखेरीज फक्त तिलाच ठाऊक होतं. तिनंच तर ते बसवलं होतं.

मी काय केलं? मी उठले का? "अगं तूच होय ती!" म्हणून तिला मिठी मारली का? जिना उतरून तिच्या आईचा हात धरून वर आणलं का? ह्यातलं काहीही करायला चार पायऱ्या पुरल्या असत्या. मी टेबलावरचा मोबाईल उचलून कानाला लावला आणि "हां, बोला बोला, माल निघाला का?" असं म्हणाले. फोन कुणाचाही आलेला नव्हता. एम.बी.ए.च्या चौथ्या सत्रातली विद्यार्थिनी, नातवंडांची आजी, बंद फोनवर सुरतच्या काल्पनिक व्यापाऱ्याशी बोलत राहिली. मुलगी उतरून गेली.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर मी बाकीचं बघितलं. आण्णांनी खाली दोन-चार साड्या काढल्या. म्हातारीनं होणाऱ्या सासूच्या कानात काहीतरी सांगितलं. चहा आला तो त्यांनी घेतला नाही. पाचही जणं बाहेर पडली. संध्याकाळी मी नोंद पूर्ण केली, कारण नोंद अपुरी ठेवलेली मला चालत नसे: घेतलं नाही. म्हणजे यंत्र ह्याही वेळी बराबर.

पुढच्या रविवारी ठरल्या वेळेला तिचा फोन आला. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, "मॅडम, तिसरं प्रकरण पाठवलंय, बघून घ्या." मॅडम. मी म्हटलं, "अगं, परवा—" ती म्हणाली, "आकृत्यांना क्रमांक द्यायचे राहिलेत मॅडम, तेवढे तुम्ही घाला." मी क्रमांक घातले. त्यानंतर एकही काम तिनं चुकवलं नाही, एकही रविवार टाळला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. तिला ते माहीत असावं.

तोंडी परीक्षा लॅपटॉपवरच होती. परीक्षक एका चौकटीत, मी एका चौकटीत, आणि तिसऱ्या चौकटीत पहिल्यांदाच तिचा चेहरा, कारण आता ती केदारखेड्याला सासरी होती आणि तिथं नेटवर्क चांगलं होतं. हातात हिरवा चुडा. लग्न झालेलं मला तेव्हा कळलं.

परीक्षकांनी विचारलं, "तुमच्या ह्या पद्धतीत कमतरता काय?"

ती म्हणाली, "सर, ज्यांना आपण खाली पाठवतो त्यांना वरचा माल दिसतच नाही. मग त्यांनी तो घेतला नाही, अशी आपण नोंद करतो, आणि मॉडेल तेच शिकतं. म्हणजे आपणच दार लावायचं आणि म्हणायचं, बघा, कुणी आत आलंच नाही."

"वा!" परीक्षक खुर्चीत सरळ झाले. "असं प्रत्यक्षात घडलंय का? दुकान कोणाचं?"

"माझं, सर," मी म्हणाले.

"मग तुम्ही सांगा."

तिनं माझ्यासाठी दार उघडून धरलं होतं. आज मला ते स्पष्ट दिसतं. तिला एवढंच ऐकायचं होतं, की हो सर, घडलंय, एका घरासोबत घडलंय, आणि ते मी केलंय. तेवढं म्हटलं असतं तर गुण काही कमी झाले नसते, उलट वाढलेच असते. मी चष्मा सारखा केला आणि म्हणाले, "तसं अजून तरी लक्षात आलेलं नाही, सर."

ती कॅमेऱ्याकडं न बघता खाली बघू लागली. बोलली असती तर तिचाही प्रकल्प अडला असता, म्हणजे मी नुसतं खोटं बोलले नाही, तिलाही त्यात उभं केलं. आम्ही दोघी पहिल्या वर्गात पास झालो.

पेढे वाटले, सत्कार झाला, तो गल्ल्यामागचा फोटो निघाला. समाजाच्या कार्यक्रमात मला दोन शब्द बोलायला लावलं आणि मी वीस मिनिटं बोलले, जिद्द, चिकाटी आणि शिकायला वय नसतं ह्या विषयावर. सगळं बिलकुल खरं वाटेल असं बोलले. फक्त एकदा, "मला माझ्या सहाध्यायी मैत्रिणीची मोठी साथ मिळाली" म्हणताना मी मध्येच पाण्याचा पेला उचलला. लोकांना वाटलं, बाई भावुक झाल्या.

त्यानंतर महिनाभरानं मी जिन्यावर बसले असताना तीन माणसं आली आणि टॅबवर पुन्हा सत्तावीस आले. निव्वळ योगायोग. त्यांनाही मी खालीच पाठवलं. हे लिहिताना माझं मलाच कसंतरी होतंय, पण पाठवलं. मग आत जाऊन दार लावलं आणि तिला फोन केला.

"माझं चुकलं," मी म्हणाले. दोन वाक्यं पाठ करून ठेवली होती, ती आठवलीच नाहीत.

मागं कुणीतरी भांडी घासत होतं. ती म्हणाली, "ते बंद केलं का तुम्ही?"

"केव्हाच केलं," मी म्हणाले.

"बरं झालं. माझं जाऊ द्या हो. मी तरी काय, मीच बसवलेलं ते. पण माझी आई अजून म्हणती, आपणच उगं वर चढलो, आपल्याला रीत कळली न्हाई, सासूसमोर तुझा कमीपणा झाला. तिला वाटतं चूक तिची. तुम्हाला सांगायचंच असलं तर तिला सांगा."

फोन ठेवून मी सरळ मुलाकडं गेले. त्याला म्हटलं, हे आजपासून बंद. तो म्हणाला, "पण मम्मी, दहात नऊ वेळा—" मी म्हटलं, "ते नऊ बराबर आहेत हे तुला कसं कळलं? तू त्यांना दाखवलंस काय?" त्याला ते पटलं नाही. तेव्हा मी टॅब घेतला आणि त्याच्यासमोरच सगळं पुसून टाकलं. पासवर्ड माझाच होता. दुपारी खोटं बोलले होते, ते संध्याकाळपर्यंत खरं करून टाकलं, एवढीच काय ती माझी कमाई. पोरगा आठ दिवस माझ्याशी धड बोलला नाही. आण्णा वर गेले आणि खिडकीजवळची गादी झटकत बसले.

पिंपळगावला मी एकटी गेले, एसटीनं. गाडी काढली नाही. हाही एक नाटकीपणाच होता, कबूल करते. एसटीनं गेल्यानं कुणाचं काही भरून निघत नाही.

तिची आई ओट्यावर तूर पाखडत होती. मी म्हटलं, "मी तुमच्या लेकीच्या वर्गातली, जालन्याची."

"अगं बया! तुमी व्हय त्या आजी?" तिनं सूप बाजूला ठेवलं आणि हात पुसत उठली. "लई नाव काढायची तुमचं. ह्या वयात शिकून राह्यल्या म्हणायची. बसा बसा. उन्हाचं आल्या, पानी घ्या."

तिनं मला ओळखलं नव्हतं. जिन्यात तिनं वर बघितलंच नव्हतं. आणि पोरीनं घरात सांगितलंच नव्हतं, की ती दुकानवाली आणि ही आजी एकच. दीड वर्ष माझं काम ओढलं, आणि वर माझी अब्रूही तिनं झाकून ठेवली होती. आईनं चहा केला, त्यात वेलदोडा घातला. अर्धा कप होईपर्यंत मी नुसती आजीच राहिले. उठून निघून गेले असते तरी कुणाला काही कळलं नसतं, आणि तसं करावं असं मनात आलंही. आलं, हे सांगितलंच पाहिजे.

मग मी कप खाली ठेवला आणि सांगितलं. जिना, खुर्ची, माझा गोड आवाज. तुमची काही चूक नव्हती, वर जायची रीत सगळ्यांसाठी होती, ती मी बंद केली होती, तुमच्याकडं बघून.

बाईनं माझ्या तोंडाकडं बघितलं. "तुमी व्हत्या त्या?"

"मीच."

"आमच्याकडं बघून म्हंजी? काय बघितलं?"

"यंत्रात भरायचे तसे रकाने होते."

"काय काय लिव्हलं व्हतं आमचं?"

मी एकेक सांगितलं. माणसं पाच. एसटी. भोकरदन तालुका. यादी नाही. शेवटच्या रकान्यापाशी मी थांबले.

"आनि?"

"चपला. चारच जोड. दोन झिजलेले. मी लिहिलं, एक बाई अनवाणी."

"अनवानी?" ती एकदम हसली. राग बरा, असं ते हसू. "बाई, त्या नव्या घेतल्या व्हत्या मी, खास तेवढ्यासाठी. तुमच्या जिन्याखाली एवढी गर्दी, कुनी पायात घालून न्हेईल म्हणून पिशवीत घालून काखंत धरल्या. सासरची मानसं संगं, अनवानी परत येते का मी?"

ती आत गेली, बाहेर आली, पुन्हा सुपापाशी बसली, पण पाखडलं नाही.

"मंग आता तिथं आमच्या नावापुढं काय लिव्हलंय?"

यंत्र पुसलं होतं, पण नोंदींची वही अजून माझ्या लॅपटॉपमध्ये होती. मी खरं सांगितलं. "'घेतलं नाही' असं लिहिलंय. ते मी आज घरी गेल्या गेल्या खोडते."

"खोडता कशाला?" ती म्हणाली. सूप उचललं आणि तुरीला एक हिसडा दिला. "खरंच हाय की ते. न्हाईच घेतलं आमी तुमच्याकडून. भोकरदनला घेतलं. बारकं दुकान हाय, पर लई चांगलं मानूस. समदं उलगडून दाखवलं त्यानं."